मार्थाआत्या बोलायला गेली

मार्थाआत्याचं कुणाशी बिनसलं की ती चपला घालायची. कुणाचं बोलणं लागलं, चर्चच्या मंडळीच्या बैठकीतला एखादा ठराव पटला नाही, की आत्या उठायची, केसांवरून हात फिरवायची, पायात चपला सरकवायची आणि म्हणायची, "जरा बोलून येते." जायची ती थेट त्याच माणसाच्या घरी. एकटी, आणि भर दिवसा. "उजेडात गेलं की दोघांची तोंडं दोघांना दिसतात," असं तिचं म्हणणं.

तिथं गेली की आधी पाणी मागायची. पाणी पिऊन पदरानं तोंड पुसायची आणि सुरुवात करायची, "आता तुमचं म्हणणं मी सांगते. चुकलं तर थांबवा." मग समोरच्याची तक्रार ती अशी मांडायची, की त्याला स्वतःलासुद्धा ती तितकी नीट मांडता आली नसती. समोरचा "व्हय, असंच" म्हणेपर्यंत स्वतःच्या बाजूचं एक अक्षर काढायची नाही. कधी कधी दुसऱ्याची बाजू मांडता मांडता तिला तीच पटायची आणि ती तशीच परत यायची.

आमच्या छावणीतल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शमुवेलकाका पेटी वाजवायचे. एकदा ते बायकांना म्हणाले, की मार्थासिस्टर फार मोठ्यानं गातात आणि फार बेसूर गातात. दुसऱ्या दिवशी आत्या त्यांच्या ओट्यावर हजर. पुढचं शमुवेलकाका स्वतःच म्हातारपणापर्यंत हसत हसत सांगत. आत्या म्हणाली, "शमुवेलभाऊ, तुमचं म्हणणं असं, की माझा गळा फाटका आहे, आणि माझ्यामुळं अख्ख्या बायकांचा सूर बिघडतो. असंच ना?" काकांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ते कसेबसे म्हणाले, "तसं... व्हय." "मला पण लई दिवसांपासून तसंच वाटतंय," आत्या म्हणाली. "मी आता मागच्या बाकावर बसून हळू गात जाईन. पण भाऊ, हे मला सांगायचं व्हतं. त्या बाकीच्या बायका काय माझा गळा बदलणार व्हत्या?"

"आपल्याला प्रभूनंच शिकवलंय की," ती म्हणायची. "भावाशी बिनसलं तर आधी त्याच्याकडं एकटं जा. नाय ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाय ऐकलं तर मग मंडळीपुढं सांग. आपली माणसं तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतात."

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. छावणीच्या अंगाला एक लहानसा मिशन दवाखाना होता, आता तो नाही. तिथं ती नर्स होती आणि तिथल्याच दोन खोल्यांत राहायची. उंच, हाडकुळी, चालताना थोडी पुढं झुकणारी. बोलण्यात निजामाच्या काळातले शब्द सहज यायचे. "इत्मिनानानं बोल, घाई काय," हे तर दर चार वाक्यांनी.

या सवयीचं मूळ तिच्या लहानपणात होतं, असं मला वाटतं. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि भिंतीला भिंत लागून करीमचाचांचं घर होतं. "रझाकारांच्या दिवसांत आपले लोक दारं लावून बसायचे," आत्या सांगायची, "आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर त्यांचे लोक दारं लावून बसले. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, माणसाचा नाय. मला गोळीची भीती नव्हती गं रूथ, त्या गप्प बसण्याची व्हती." शेवटी तिची आई, म्हणजे माझी आजी, उठली आणि चाचांचं दार वाजवलं. कुणी कडी काढेना, तर पायरीवर बसून राहिली. दुपार कलल्यावर चाची बाहेर आली. दोघी काय बोलल्या हे आत्याला कधी कळलं नाही. दोघी रडत होत्या एवढंच तिनं पाहिलं. पुढं ते कुटुंब हैदराबादला निघून गेलं. "गेले," आत्या म्हणायची, "पण बोलून गेले."

माझ्या वडिलांनी, दावीदरावांनी, तेच दिवस पाहिले होते, पण त्यांनी वेगळं काही उचललं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मंडळीचे चिटणीस. ठरलेलं मोडू नये, मिळालेलं सोडू नये, असा त्यांचा स्वभाव. त्याला कारण होतं. त्यांचे आजोबा आमच्या घराण्यातले पहिले ख्रिस्ती. ते वारले तेव्हा गावानं त्यांच्यासाठी हातभर जागा दिली नाही. भर पावसात ओढ्याकाठी त्यांना पुरलं आणि पुढच्या पुरात ती जागाच वाहून गेली. बाबा छावणीच्या कबरस्तानात गेले की प्रत्येक कबरीवरचं गवत हातानं उपटायचे, ओळखीची असो नसो. हे दोघं भाऊबहीण एकमेकांना फार धरून होते. आत्याचं दुपारचं जेवण रविवारी आमच्याकडं, आणि बाबांच्या शर्टाची बटणं आत्याशिवाय कुणी लावलेली त्यांना चालायची नाहीत.

त्यांच्यात जे फाटलं ते धुळाजीच्या मातीवरून.

धुळाजी दवाखान्याचा राखणदार. कन्नड तालुक्यात पिशोरच्या पुढं एका वाडीवर त्याचं घर. मेंढ्या राखणारी माणसं. कधीतरी पायाला झालेली जखम घेऊन आला, बरा झाला आणि इथंच राहिला. बायको गंगूबाई आणि दोन मुलींना घेऊन फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. कुणी न सांगता तो उपासनेला येऊन दाराशी बसू लागला आणि काही वर्षांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी त्याचं नाव दानिएल ठेवलं. पण त्या नावानं हाक मारली की तो मागं वळून बघायचा, दुसऱ्या कुणाला बोलावतात का म्हणून. गंगूबाईनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. गावाकडं म्हातारी आई होती, दोन भाऊ होते, त्यांना त्यानं काहीच कळवलं नव्हतं. आत्या विचारायची, "सांगितलंस का रे आईला?" तो म्हणायचा, "सांगतो बाई, जत्रंला गेलो की सांगतो." जत्रा यायची, जायची.

एका उन्हाळ्यात सकाळी झाडांना पाणी घालता घालता तो खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझी तेव्हा शाळेत नवी नोकरी होती आणि शाळा सकाळची. घरी आले तर बाबा कोट घालून निघाले होते. "गंगूबाईजवळ बस चल," म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा कबर खणायला माणसं गेली होती. ऊन असं, की फार वेळ थांबायची सोय नव्हती. गंगूबाई भिंतीला टेकून बसली होती, मुली तिच्या मांडीवर. वाडीला सकाळीच निरोप गेला होता. तेवढ्यात फाटकाशी भाड्याची जीप थांबली आणि धुळाजीचे भाऊ उतरले, थोरला हरिबा आणि धाकटा मल्हारी. मागं वाडीवरची दहाबारा माणसं, हातात काठ्या.

हरिबानं कुणाकडं न बघता म्हटलं, "आमच्या भावाला न्यायला आलो."

बाबा पुढं झाले. "धुळाजीनं बाप्तिस्मा घेतला होता. तो आमच्या मंडळीतला आहे. त्याची माती इथं होईल. तुम्ही जरूर थांबा."

"बाप्तिस्मा आमाला ठावं नाय. आमचा भाऊ हाय त्यो."

मल्हारी ओरडला, "जिता व्हता तवा बाटवला, आन आता मढं बी दडवता व्हय?"

आमच्यातला एकजण म्हणाला, पोलीस बोलवा. त्यांच्यातल्या एकानं काठी उचलली. पाळकसाहेब तरुण होते, ते एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. तेव्हा आत्या वॉर्डातून बाहेर आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. घागर आणि तांब्या आणवला आणि स्वतः एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. मल्हारीनं तोंड फिरवलं. ती तांब्या धरून उभी राहिली, तेव्हा त्यानंही घेतलं. मग लिंबाच्या सावलीत ती हरिबासमोर खाली मातीत बसली.

"हरिबाभाऊ, तुमचं मी सांगते. चुकलं तर थांबवा. तुमची माय घरी आहे, तिला उठवत नाय. ल्योक गेला हे तिला सांगितलंय, पण तोंड बघितल्याबिगर तिचा जीव मानणार नाय. तुम्ही रिकाम्या हातानं गेलात तर तिला काय सांगायचं? आणि वाडी म्हणेल, सख्ख्या भावाला परक्यांच्या हवाली करून आले. असंच ना?"

हरिबा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आजून एक हाय. त्यानं आमाला सांगितलं बी नाय. एका ताटात जेवलेलो आमी. सख्ख्या भावाला नाय सांगितलं त्यानं."

"ते माझ्याकडून राहिलं," आत्या म्हणाली.

मग ती बाबांकडं वळली. "आता दादाचं सांगते." आणि तिनं त्या सगळ्या माणसांपुढं पणजोबांची गोष्ट सांगितली. गाव, पाऊस, ओढा, पूर. "म्हणून आपल्या माणसाला आपल्या मातीत ठेवायचं, हे दादाला एवढं लागतं." ऐकून हरिबाची मान खाली गेली. पण मी बाबांकडं बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझं मला सांगता येतं, मार्था," ते म्हणाले.

आत्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे. ती गंगूबाईकडं वळली. "गंगू, तुझा नवरा गेलाय. तू काय म्हणतेस?" तोपर्यंत कुणीच तिला विचारलं नव्हतं. सगळ्यांनी माना वळवल्या. गंगूबाईनं पदर पुढं ओढला. फार बारीक आवाज आला, "आत्याबाईला तोंड दाखवा." ती सासूला आत्याबाई म्हणायची.

आत्यानं पाळकसाहेबांना बाजूला नेलं. ठरलं ते असं: इथं अंगणात मंडळीची प्रार्थना होईल, भाऊ तिला उभे राहतील, मग धुळाजीला दवाखान्याच्या गाडीतून वाडीला न्यायचं, आणि आत्या सोबत जाईल. हरिबानं एक अट घातली, "मायला कळू द्यायचं नाय, त्यो तुमच्यात गेला व्हता म्हणून."

"तिनं विचारलं नाय तर माझ्या तोंडून निघणार नाय," आत्या म्हणाली. "विचारलं तर खोटं बोलणार नाय."

हरिबा तयार झाला. बाबा झाले नाहीत. ते आत्यासमोर येऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्यानं आयुष्यात एकदाच स्वतःच्या मनानं काही केलं होतं. ते तू आज पुसलंस. दुसऱ्यांदा मारलंस तू त्याला." आणि प्रार्थनेला न थांबता, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता, त्या उन्हात चालत निघून गेले.

मी आत्याबरोबर गाडीत बसले. वाडीवर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला होता. मेंढ्या परतत होत्या. म्हातारीला वाडीतल्या दोघींनी धरून बाहेर आणलं. ती रडली नाही. धुळाजीच्या गालावरून, कपाळावरून, कानाच्या पाळीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं मान वर केली आणि त्या सगळ्या गर्दीतून नेमकं आत्याकडं बघितलं.

"बाई, माझा पोरगा तुमच्यात आला व्हता का?"

हरिबाचा श्वास मला ऐकू आला. आत्या तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "व्हय, माय."

"मला वाटलंच व्हतं," म्हातारी म्हणाली. "जत्रंला यायचा, पर द्येवाम्होरं नारळ माझ्या हातानं फोडवायचा, सोता नाय." मग तिनं पुन्हा धुळाजीच्या कपाळावर हात ठेवला. "मग मला का नाय सांगितलं त्यानं? मी काय खाल्लं असतं व्हय त्याला?"

मल्हारी मात्र आमच्या अंगावर धावून आला. शब्द मोडला, म्हणाला. हरिबानं त्याला आवरलं, पण आम्हाला त्यानंही थांबा म्हटलं नाही. पुढचं त्यांच्या रीतीनं झालं. गंगूबाई आणि मुली तिथंच राहिल्या. आम्ही गाडीत बसून परत निघालो. फुलंब्री मागं पडल्यावर आत्या म्हणाली, "सगळ्यांना दुखवून आले गं मी."

दोन दिवसांनी ती आमच्या घरी आली. बाबा ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. आईनं आणलेलं पाणी पिऊन आत्या म्हणाली, "दादा, तुझं म्हणणं मी सांगते..."

"माझं म्हणणं तू एकदा चारचौघांत सांगितलंस," बाबा म्हणाले. "पुरे." आणि आत गेले.

पुढं ती शमुवेलकाका आणि पाळकसाहेबांना घेऊन आली. त्या दोघांना बाबांनी चहा पाजला, हवापाण्याचं बोलले आणि आत्याकडं बघून म्हणाले, "आता तिसरी पायरी राहिली. ने मला मंडळीपुढं."

"नाय नेणार," आत्या म्हणाली. "प्रभूला काय उत्तर द्यायचं ते मी देईन. माझ्या भावाला मी तिथं उभा करणार नाय."

मग वर्षं गेली. मंडळीत दोन तट पडले. पंचांनी आत्याकडून रविवारची मुलांची शाळा काढून घेतली. कुणी म्हणे, तिनं विश्वास विकला. कुणी म्हणे, तिनं रक्तपात टाळला. हे सगळं तिच्या कानावर यायचं, आणि जे बोलले त्यांच्या घरी ती जाऊन यायची. काहींशी जमलं, काहींनी दार उघडलं नाही. बाबांनी आईला किंवा मला तिच्याकडं जायला कधी अडवलं नाही, पण आम्ही आलो की ती कशी आहे हेही कधी विचारलं नाही. दर रविवारी उपासना सुटली की आत्या पायऱ्यांशी थांबायची आणि बाबा आले की म्हणायची, "सलाम, दादा." बाबा तिच्या बाजूनं निघून जायचे. माझ्या लग्नातसुद्धा तसंच झालं. शर्टाची बटणं ते स्वतः लावायला शिकले, वाकडीतिकडी.

मी एकदा तिला चिडून म्हटलं, "आत्या, आता पुरे की. त्यांना नाही बोलायचं."

"बोलायचंय त्याला," ती म्हणाली. "तोंड बघ त्याचं. दर रविवारी काहीतरी गिळून घरी जातो."

"पण तुझं बरोबर होतं ना?"

"कुणाला ठावं? तेच मला दादाकडून ऐकायचंय. माझं कुठं चुकलं ते त्याच्याइतकं नीट कोण सांगणार?"

ते तिला दुसऱ्याच माणसानं सांगितलं. गंगूबाई एकदा आजारी मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीला औषध मिळाल्यावर ती आत्याजवळ बसली आणि म्हणाली, की दिरांनी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. पण मला इथंच राहायचं होतं. मुली शाळेत होत्या. यांची माती इथं झाली असती तर मला इथं राहायला कारण राहिलं असतं. "तुमी इचारलं, बाई. पर दिरांम्होरं इचारलं. त्यांच्या काठ्यांम्होरं मी काय बोलणार व्हते?"

आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "सगळ्यांना पाणी दिलं मी," ती म्हणाली, "सगळ्यांची बाजू सांगितली, आणि जिचं सगळ्यांत जास्त जाणार व्हतं तिला चारचौघांत उभी केली. तिला आत नेऊन विचारायचं व्हतं. दार लावून. एवढं साधं मला सुचलं नाय." तिनं गंगूबाईला विचारलंही होतं, आता परत येतेस का, मी दिरांशी बोलते. गंगूबाई म्हणाली, आता थोरलीची सोयरीक झाली, आता कुठं.

त्याच दिवशी आत्या माझ्या माहेरी गेली. बाबांनी तिला खिडकीतून येताना पाहिलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. आत्या आईजवळ बसली, चहा घेतला आणि उठताना म्हणाली, "दादाला सांग, मार्था चुकले म्हणून सांगायला आली व्हती." आईनं संध्याकाळी सांगितलं. बाबा म्हणाले, "मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे." "मग पळालात कशाला?" आईनं विचारलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आई गेली. दवाखाना बंद पडला. आत्या निवृत्त होऊन छावणीतच एका खोलीत राहू लागली आणि काही वर्षांनी तिची मूत्रपिंडं कामातून गेली. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी रजा टाकून तिच्याकडं राहायला गेले. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं, की फार दिवस नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत, कोट घालून, ते तिच्या दारात उभे होते.

आत्यानं डोळे उघडले. बाबा लोखंडी खुर्चीवर बसले. बसायलाच त्यांना बराच वेळ लागला. मग काहीएक प्रस्तावना न करता म्हणाले, "तू चुकलीस."

"व्हय, दादा," आत्या म्हणाली. "लई चुकले. गंगू मला म्हणाली..."

बाबांनी काठी फरशीवर आपटली. "व्हय काय? इतकी वर्षं मी मनात तुझ्याशी भांडतोय, मार्था. अंघोळ करताना, चालताना, उपासनेत. आणि तू पहिल्याच वाक्याला हार मानतेस?"

आत्या हसली. हसताना तिला धाप लागली. "बरं, नाय मानत. सांग तू."

आणि बाबा बोलले. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी ओढ्याकाठी नेऊन दाखवलं होतं, बघ, इथं कुठंतरी. कुठं ते वडिलांनाही सांगता आलं नव्हतं. इथं की तिथं, एवढंच ते बोटानं दाखवत राहिले. "मी तेव्हा ठरवलं, आपल्यातला एकही माणूस असा हरवू द्यायचा नाही. धुळाजी हरवला. आणि ते ओढ्याचं तू काठ्या घेऊन आलेल्या माणसांपुढं बोललीस. ते माझं होतं. मी ते तुझ्या वहिनीपुढंही कधी नीट बोललो नव्हतो."

"व्हय," आत्या म्हणाली. "ते तुझ्या तोंडचं व्हतं. मी घेतलं. त्याची माफी माग म्हणालास तर मागते. पण म्हातारीला तोंड दाखवलं, त्याची मागणार नाय."

"मागू नकोस. मी देणारही नाही."

बाबा दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. धुळाजीचं बाप्तिस्म्याचं वचन मोठं की त्याच्या आईचं मन, गंगूबाईला आत नेऊन विचारलं असतं तर भावांनी ऐकलं असतं का, काठ्या चालल्या असत्या तर कुणी जबाबदारी घेतली असती, सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी बाजारातून येत होते तर गल्लीच्या तोंडापर्यंत दोघांचे आवाज. घाबरून धावत आले. बघते तर बाबा तिला चमच्यानं पेज भरवत होते आणि भांडत होते. "गिळ आधी," ते म्हणत होते, "मग बोल."

"आधी माझं ऐक, मग गिळते," आत्या म्हणत होती.

त्या दोनतीन आठवड्यांत त्यांचं एकमत झालं नाही. मी दोघांना ओळखते, अजून वीस वर्षं मिळाली असती तरी झालं नसतं. आत्या एका दुपारी गेली. बाबा तेव्हा घरी गेले होते. मी निरोप धाडला. ते आले आणि तिच्या पायाशी बसून राहिले.

कबरस्तानात मंडळीतले दोन्ही तट आले होते. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे घरच्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा काठी टेकत पुढं झाले.

"माझी बहीण मार्था," ते म्हणाले. "धुळाजीच्या बाबतीत ती चुकली होती, असं मी आजही म्हणतो." लोक चपापले. कुणीतरी मागून त्यांच्या कोटाला धरलं. त्यांनी हात झटकून टाकला. "मी तिला ते तोंडावर सांगितलं. उशिरा सांगितलं. फार उशिरा सांगितलं. तिच्यावर रागावलो होतो तोवर मला वाटायचं, मी धुळाजीचा कैवार घेतोय. धुळाजीला त्याचा काय उपयोग झाला? माझी बहीण मात्र मी इतकी वर्षं..."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं. त्यांनी मूठभर माती उचलली, कबरीत डोकावले, आणि तसेच वाकून थांबले. पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहून प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. बाबा अजून खाली बघत होते, मूठ आवळलेली, आपलं बोलून झाल्यावर समोरच्याच्या उत्तराची वाट बघावी तसे.